गुलाबी चंद्र

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो, तेव्हा ओसरीवर एक अनोळखी गृहस्थ आईशी बोलत बसले होते. तालुक्याच्या गावी त्यांचा मसाल्यांचा कारखाना आहे. धंदा बरा चालला होता, म्हणून आता त्यांना टेलिव्हिजनवर जाहिरात द्यायची होती. आणि त्या जाहिरातीसाठी त्यांना माझ्या मामाचे गाणे हवे होते.

मामा एस.टी.त कंडक्टर होता. दिवसभर तिकिटे फाडायची आणि मुक्कामी गाडी लागली की डेपोच्या बाकावर बसून गाणी रचायची, हा त्याचा नेम. गणेशोत्सवातल्या मेळ्यात त्याचे पावसावरचे गाणे दरवर्षी होई. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी ते एकदा आपल्या टेपरेकॉर्डरवर घेऊन ठेवले, म्हणून मामाचा आवाज शिल्लक राहिला. १९९८ साली मामा गेला. लग्न केलेले नव्हते. मागे राहिली ती एकटी बहीण, म्हणजे माझी आई. तिने त्या गृहस्थांना होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. चहा दिला, आणि ते गेल्यावर मला विचारले की तू कॉलेजात शिकतोस, तर सांग, मेलेल्या माणसाचे गाणे दुसऱ्याने विकावे की विकू नये?

मला उत्तर देता आले नाही. सुट्टी संपल्यावर ही हकीकत मी आमच्या इंग्रजीच्या सरांना सांगितली. त्यांनी उपदेश केला नाही. एका चिठ्ठीवर एक नाव तेवढे लिहून दिले आणि ह्याचे चरित्र वाच म्हणाले. ते नाव होते निक ड्रेक. त्या चिठ्ठीपायी मी ह्या मुलखावेगळ्या गायकाच्या मागे लागलो. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

निकोलस रॉडनी ड्रेक ह्याचा जन्म १९ जून १९४८ रोजी ब्रह्मदेशात, रंगून येथे झाला. ब्रह्मदेश स्वतंत्र होऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. वडील रॉडनी हे इंजिनियर. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ह्या सागवानाच्या व्यापारातील कंपनीत नोकरीला होते. ह्या कंपनीचा संबंध आपल्याशीही पोहोचतो. १८८५ साली थिबा राजाशी हिचाच तंटा झाला, तेवढे निमित्त करून इंग्रजांनी युद्ध पुकारले आणि पदच्युत राजाला आणून ठेवले ते आपल्या रत्नागिरीला! निकची आई मॉली ही हिंदुस्थानातल्या एका वरिष्ठ सनदी अधिकाऱ्याची मुलगी. १९४२ साली जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या तेव्हा ती आणि तिची बहीण जीव वाचवून दिल्लीला आल्या, आणि तेथे ऑल इंडिया रेडिओवर दोघी बहिणींनी गाण्याचे कार्यक्रमही केले. निकची थोरली बहीण गॅब्रिएल हिचा जन्म १९४४ साली लाहोरचा. म्हणजे ह्या घराने आपल्याच उपखंडाचे पाणी प्यालेले होते.

१९५० च्या सुमारास हे कुटुंब इंग्लंडला परतले आणि वॉरिकशायर परगण्यातील टॅनवर्थ-इन-आर्डन ह्या लहानशा खेड्यात राहू लागले. घराचे नाव 'फार लेज'. त्या घरात पियानो होता. मॉलीबाई फावल्या वेळी त्यावर बसून स्वतः रचलेली गाणी गात, आणि रॉडनीसाहेब ती घरच्या टेपवर उतरवून घेत. ती गाणी छापावीत, विकावीत असे त्या दोघांच्या मनात कधी आले नाही. कितीएक वर्षांनी, २०१३ साली, ती गाणी स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या ध्यानात आले की मुलाच्या गळ्यातली उदासी आणि त्याच्या चालींची वळणे कोठून आली होती. ओव्या गाणाऱ्या आयांची मुले कवी झाली, हे आपल्याकडे नवलाचे नाही, तसेच हे.

निकचे शिक्षण मार्लबरो कॉलेज ह्या नामांकित शाळेत झाले. तेथे तो धावण्याच्या शर्यतीत पुढे असे. पियानो, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन त्याला वाजवता येत. गिटार त्याने १९६५ च्या सुमारास हाती धरली, आणि मग बाकीचे सारे मागे पडले. १९६७ साली काही महिने तो फ्रान्समधल्या एक्स गावी राहिला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्रजी साहित्य शिकण्यासाठी केंब्रिजच्या फिट्झविल्यम कॉलेजात दाखल झाला. अभ्यासाकडे त्याचे फारसे लक्ष नव्हते. खोलीचे दार लावून तासन् तास गिटारीवर एकच तुकडा घोटीत बसायचे, हा त्याचा खरा अभ्यास. (आमच्या वसतिगृहातही असे एकदोन विद्यार्थी आहेत, रेक्टरसाहेबांनी त्यांच्याकडे जरा ममतेने पाहावे, ही नम्र सूचना!)

केंब्रिजमध्ये संगीत शिकणारा रॉबर्ट कर्बी हा त्याला मित्र भेटला. निकच्या गाण्यांना व्हायोलिनादी तंतुवाद्यांचा साज चढविण्याचे काम पुढे ह्याच मित्राने केले. लंडनमधल्या एका कार्यक्रमात अॅशली हचिंग्ज ह्या वादकाने निकला ऐकले आणि जो बॉइड ह्या निर्मात्याकडे त्याची शिफारस केली. बॉइड अमेरिकन, वय पंचविशीचे, पण कान तयार. त्याने ह्या लाजाळू विद्यार्थ्याशी करार केला. चेल्सीतील साउंड टेक्निक्स ह्या स्टुडिओत जॉन वुड ह्या ध्वनिमुद्रकाच्या देखरेखीखाली पहिली तबकडी तयार झाली आणि १९६९ साली आयलंड कंपनीने ती 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट' ह्या नावाने बाजारात आणली. विडी-सिगारेट वळण्याचे पातळ कागद तिकडे पाकिटातून मिळतात; कागद संपत आले की पाचच उरल्याची सूचना त्यात असते. तेवढ्यावरून हे नाव. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला आपल्या पहिल्या कामाला संपत आल्याचे नाव द्यावेसे वाटले, हे वाचून मी थबकलो. त्याच तबकडीत फळझाडावरचे एक गाणे आहे. कलावंताची कीर्ती तो मातीत गेल्यावरच बहरते, असा त्याचा आशय आहे.

पहिली तबकडी निघाली त्याच वर्षी, पदवी हाताशी आली असताना, निकने केंब्रिज सोडले. वडिलांनी समजावणीची पत्रे लिहिली, पण व्यर्थ. तो लंडनला आला आणि तेथेच त्याच्या दैवाची उलटी फेरी सुरू झाली. त्या काळी तबकडी खपायची तर गायकाने गावोगाव फिरून मैफली केल्या पाहिजेत, वार्ताहरांशी बोलले पाहिजे. निकला दोन्ही जमेना. त्याच्या दर गाण्याला गिटारीच्या तारांची जुळणी निराळी असे. एक गाणे संपले की मान खाली घालून तो पुन्हा तारा पिळीत बसे, श्रोत्यांशी चकार शब्द बोलत नसे. आपल्याकडे गवई तंबोरा जुळवू लागला की रसिक अदबीने थांबतात. तिकडच्या क्लबांतून आणि कॉलेजांतून पेल्यांचा खणखणाट आणि गप्पा सुरू होत. १९७० च्या जूनमध्ये एका तांत्रिक महाविद्यालयातील कार्यक्रमात तो चालू गाण्यातूनच उठला आणि निघून गेला. त्यानंतर त्याने लोकांपुढे गाणे जवळजवळ सोडलेच.

१९७१ च्या मार्चमध्ये दुसरी तबकडी 'ब्रायटर लेटर' निघाली. हिच्यात वाद्यांचा मेळ मोठा होता, खर्च पुष्कळ झाला होता. बॉइडला यशाची खात्री होती. ती खपली नाही. बॉइड आपली संस्था आयलंडला विकून अमेरिकेला गेला. जाताना मात्र त्याने एक अट घातली: निकच्या तबकड्या खपोत वा न खपोत, त्या कधीही बाजारातून काढून घ्यायच्या नाहीत. ही अट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढच्या साऱ्या गोष्टीची कळ हिच्यातच आहे.

निक आता मनाने खचत चालला होता. डॉक्टरांनी औषधे लिहून दिली. तो ती कधी घेई, कधी टाळी. अशा अवस्थेत १९७१ च्या ऑक्टोबरात तो जॉन वुडकडे गेला. दोन रात्री. रात्रीच्या वेळी स्टुडिओ रिकामा असे. निक, त्याची गिटार आणि पलीकडे यंत्रापाशी जॉन वुड; चौथे कोणी काही नाही. अकरा गाणी, सारी मिळून अठ्ठावीस-एकोणतीस मिनिटांची. पहिल्या गाण्यात पियानोचे थोडेसे सूर मागाहून घातले, एवढाच काय तो अलंकार. तबकडीचे आणि त्या पहिल्या गाण्याचे नाव 'पिंक मून', म्हणजे गुलाबी चंद्र. १९७२ च्या फेब्रुवारीत ती प्रसिद्ध झाली आणि आधीच्या दोघींपेक्षाही कमी खपली. तिन्हींपैकी एकीचाही खप पहिल्या वेळी ५,००० प्रतींपर्यंत पोहोचला नाही.

तो फार लेजला, आईवडिलांच्या घरी, परत आला. अंगावरच्या कपड्यांची, नखांची, कशाचीच शुद्ध त्याला राहिली नाही. मित्रांच्या घरी न सांगता जाई, एक शब्द न बोलता तासन् तास बसे आणि तसाच उठून जाई. ह्या काळातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तो आईची मोटार घेऊन बाहेर पडे. कोठे जायचे ते ठरलेले नसे. नुसता चालवीत राही, पेट्रोल संपेपर्यंत. पेट्रोल संपले की कोठल्या तरी अनोळखी ठिकाणाहून घरी फोन करी, आणि म्हातारे आईबाप त्याला आणायला जात. ते रागावत नसत.

१९७४ साली त्याने आणखी चारपाच गाणी मुद्रित केली. नोव्हेंबर महिन्याच्या २४ तारखेला रात्री तो लवकर निजायला गेला. पहाटे केव्हा तरी स्वयंपाकघरात वावरला. दुसऱ्या दिवशी, २५ नोव्हेंबर १९७४ रोजी, आईने खोलीचे दार उघडले तेव्हा तो गेलेला होता. झोपेसाठी आणि खिन्नतेसाठी दिलेल्या औषधाची मात्रा अधिक झाली होती. तपासणी अधिकाऱ्याने आत्महत्या असा निर्णय दिला. त्याच्या जवळच्या काही माणसांना तो कधीच पटला नाही. वय वर्षे सव्वीस. गावच्या चर्चच्या आवारात एका ओकच्या झाडाखाली त्याची रक्षा पुरली आहे.

येथे चरित्र संपायला हवे होते. अशा कितीतरी जणांचे संपते. परंतु बॉइडच्या त्या अटीमुळे तबकड्या दुकानांतून मिळत राहिल्या. कोणी एकाने ऐकावे, दुसऱ्याला द्यावे, असे चालले. १९७९ साली तिन्ही तबकड्यांचा एकत्र संच निघाला. हळूहळू दूरदूरची तरुण मुले टॅनवर्थला येऊन फार लेजचे दार ठोठावू लागली. रॉडनी आणि मॉली त्यांना घरात घेत, चहा देत, मुलाची खोली दाखवीत, घरच्या टेपवरली गाणी ऐकवीत. १९८८ साली रॉडनी गेले, १९९३ साली मॉली गेली. आता निकच्या गाण्यांचा भार एकट्या बहिणीवर आला. गॅब्रिएल ही इंग्लंडातली नावाजलेली अभिनेत्री. भाऊ हयात असताना तीच घराघरांत ओळखीची होती, तो नव्हे!

आणि १९९९ साली एक मोटारकंपनी तिच्या दारी आली. कंपनी फोक्सवॅगन; २००९ पासून हिचा कारखाना आपल्या चाकणला आहे, तीच. अमेरिकेतील टेलिव्हिजनसाठी, छप्पर उघडता येणाऱ्या तिच्या एका गाडीची जाहिरात करायची होती, आणि पाठीमागे 'पिंक मून' वाजवायचे होते.

अशा वेळी परवानगी कोणाची लागते, हे मी मुद्दाम समजून घेतले. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक. ती रचणाऱ्याची, त्याच्या पश्चात त्याच्या वारसांची किंवा ज्या प्रकाशकाला हक्क दिले असतील त्याची. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण ही दुसरी. ती सामान्यतः ज्याने पदरमोड करून मुद्रण करविले त्याची, म्हणजे बहुधा तबकडीच्या कंपनीची. चित्राला गाणे जोडायचे तर दोन्ही दारी परवाना मागावा लागतो. इंग्लंडात पहिला हक्क रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो, आपल्याकडे ६० वर्षे. म्हणजे निकच्या गाण्यांवर २०४४ सालच्या अखेरपर्यंत कोणाची तरी मालकी राहणार. पण स्वतः निकचा होकार वा नकार १९७४ सालीच संपला. ह्या दोन तारखांच्या मधल्या पोकळीत त्याची बहीण उभी होती.

दोनही परवाने मिळाले. ती जाहिरात मी पाहिली आहे. चांदणी रात्र. चार तरुण मुले-मुली उघड्या गाडीतून चालली आहेत. कोणी बोलत नाही. वाऱ्यावर केस उडताहेत, पाण्यावर चांदणे पडले आहे. गाडी एका घरापाशी येते. आत मेजवानीचा गोंगाट चालला आहे. ती चौघे एकमेकांकडे पाहतात, आणि गाडी मागे घेऊन पुन्हा रात्रीत निघून जातात. एवढेच. गाण्याचा एक शब्द बदललेला नाही, वर कोणाची बडबड नाही.

ह्याचा परिणाम काय झाला? अमेरिकेत जी तबकडी वर्षाकाठी सुमारे ६,००० खपत होती ती २००० साली सुमारे ७४,००० खपली. तीस वर्षांत जे झाले नव्हते ते एका जाहिरातीने केले.

साऱ्यांनाच हे रुचले असे नाही. पूर्वीचे चाहते हळहळले. ज्याने आयुष्यात कसला बाजार मांडला नाही त्याला मोटारीच्या बाजारात उभा केला, असा त्यांचा आक्षेप. तो अगदीच पोकळ नाही. १९८७ साली बीटल्सचे 'रेव्होल्यूशन' हे गाणे बुटांच्या जाहिरातीत वाजले तेव्हाही केवढे वादळ उठले होते! जॉन लेननला जाऊन सहा वर्षे उलटली होती, पत्नीची संमती होती. तरीही बीटल्सच्या संस्थेने न्यायालयात दावा लावला. प्रश्न पैशाचा म्हणावा तर बीटल्सना पैशाची वाण नव्हती. प्रश्न असा की, ज्या गाण्यावर ऐकणाऱ्याने आपला जीव लावलेला असतो त्यावर दुसऱ्या वस्तूचे नाव एकदा चिकटले की ते सुटत नाही. बीटल्सचे गाणे जगाने आधीच ऐकलेले होते. निकचे ऐकलेलेच नव्हते. एकाच्या अंगावरची शाल कोणी ओढली, आणि दुसऱ्याला उघड्यावरून कोणी घरात आणले, असा हा फरक मला दिसतो.

पण माझे मन अडते ते दुसऱ्याच ठिकाणी. ज्या मुलाने पेट्रोल संपेपर्यंत रात्री-अपरात्री मोटार हाकली आणि मग अनोळखी रस्त्यावरून आईवडिलांना हाक मारली, त्याचेच गाणे मोटारीतून मजेत फिरणाऱ्या मुलांमागे वाजले. हा क्रूर योगायोग म्हणावा? की मेजवानीच्या दारातून परत फिरणारी ती चौघे मुले त्याच्याच जातीची होती? मी ती जाहिरात पाचसहा वेळा पाहिली. दोन्ही खरे वाटते. त्याची गाडी कोठेच पोहोचत नव्हती. गाणे मात्र पोहोचले. ज्याला पोहोचायचे होते तो नव्हता, एवढेच.

संक्रांतीला घरी गेलो तेव्हा हे सारे मी आईला सांगितले. मोबाईलवर 'पिंक मून' ऐकवले. तिला शब्द कळले नाहीत. ऐकून झाल्यावर तिने विचारले, की त्याच्या बहिणीला पैसे मिळाल्याचे नव्हे, गाणे लोकांनी ऐकल्याचे सुख झाले असेल ना? मी हो म्हटले. मग ती गुरुजींकडे गेली, कारण टेप त्यांची. गुरुजी म्हणाले की आवाज तुझ्या भावाचा, निर्णय तुझा.

कारखानदार पुन्हा आले, तेव्हा एक गोष्ट नव्याने कळली. त्यांना गाणे जसेच्या तसे नको होते. पाऊस हा शब्द जेथे जेथे येतो तेथे त्यांना आपल्या मसाल्याचे नाव बसवायचे होते. आईने शांतपणे सांगितले की गाणे घ्यायचे तर पावसासकट घ्यावे, एक शब्द इकडचा तिकडे होता कामा नये, आणि शेवटी मामाचे नाव पडद्यावर दिसले पाहिजे. पैशाचे तुम्ही म्हणाल ते. गृहस्थ भले आहेत. विचार करून कळवतो म्हणून गेले. अजून कळवलेले नाही.

परवा गुरुजींची ती टेप शहरात नेऊन मी तिची नवी प्रत करून आणली. आई संध्याकाळी दिवा लावून झाला की ती ऐकते. गाण्याच्या आधी मामा एकदा खाकरतो आणि मागे कोणी तरी एस.टी.चा हॉर्न वाजवतो. आई म्हणते, जाहिरातीत जायचे तर हेसुद्धा जाऊ दे.